फोटोत न आलेले पाय

'घरातला एक फोटो आणा आणि त्याची गोष्ट सांगा,' असं वर्गात सांगणं फार सोपं. भोर-वेल्ह्यातल्या मुलांना मीही पहिल्यांदा तसंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं रिकाम्या हातांनी आली. वाडीवस्तीवरच्या कितीतरी घरांत अल्बम नसतो. फोटो असतो तो भिंतीवर, हार घातलेला. नाहीतर पासबुकात, मतदान कार्डावर. मोबाइलमध्ये पुष्कळ असतात, पण मोबाइल वडिलांच्या खिशातून शिरवळच्या कंपनीत गेलेला असतो.

एक मुलगा आजीचं मतदान कार्ड घेऊन आला. नखाएवढा काळपट फोटो. आम्ही तो पडद्यावर मोठा केला, तर चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. पोरगं हिरमुसलं. मी म्हटलं, आजीला विचार, त्या दिवशी काय झालं होतं. दोन दिवसांनी त्याने आजीचा आवाजच भरून आणला. भाताची लावणी चालली होती, फोटोवाले शाळेत आल्याचा सांगावा आला, तशी ती खाचरातून उठून आली, इरलं भिंतीला टेकवून खुर्चीवर बसली. 'पाय गुडघ्यापातुर चिखलानं भरल्यालं, पर फोटूत तोंडच घेत्यात,' असं ती हसत सांगते. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. एका मुलीने तो आवाज काढून टाकू का, असं विचारलं. राहू दे म्हटलं. त्या ठिपक्यांखालचे चिखलाचे पाय आता सगळ्या वर्गाला दिसत होते.

आपले फोटो आणि आपलाच आवाज जोडून दोन-तीन मिनिटांची चित्रफीत करायची, या पद्धतीच्या कार्यशाळांची घडी १९९४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत डेना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि नीना मलन यांनी बसवली. त्यात संगणकाच्या आधी गोल करून बसणं येतं, एकमेकांची गोष्ट ऐकणं येतं. आपल्याकडे अ‍ॅप शिकवण्यातच तास संपतो आणि नेमका तो गोल राहून जातो. फोटोने घरातलं माणूस बोलतं व्हावं, एवढ्यासाठीच मला तो वर्गात हवा आहे.

आणि कुणाला बोलायचं नसेल, दाखवायचं नसेल, तर? एका मुलीने वडिलांचा फोटो ओढणीत गुंडाळून आणला. तिची पाळी आली तेव्हा तिने तो बाकावर पालथा ठेवला आणि पडदा काळाच ठेवून बोलली. मला रोलां बार्थ आठवला. फ्रान्सच्या या लेखकाने आईच्या मृत्यूनंतर छायाचित्रांवर पुस्तक लिहिलं, १९८० मध्ये ते आलं. ज्या फोटोत त्याला आई खऱ्या अर्थाने सापडली, तो तिचा लहानपणीचा फोटो त्याने पुस्तकात छापला नाही. आमच्या वर्गातल्या मुलीला तोच हक्क आहे. तिची चित्रफीत तिच्या होकाराशिवाय पालकांच्या ग्रुपवरही जाता कामा नये, मग ती कितीही चांगली झालेली असो.

ज्याचा फोटोच नाही, त्याचं काय करायचं, हे मला इथल्या धरणांनी शिकवलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. पुण्यातल्या त्या पुराचे फोटो आजही छापून येतात. पण धरण बांधताना पानशेतच्या पाण्याखाली गेलेल्या घरांचा एकही फोटो माझ्या पाहण्यात नाही. भोरजवळचं भाटघर तर त्याहून जुनं, १९२० च्या दशकातलं. उन्हाळ्यात त्याचं पाणी उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. तिकडचा एक मुलगा मे महिन्यात आजोबांना घेऊन काठावर गेला. पाण्याखाली गेलेलं त्यांचं जुनं घर आजोबांनीही पाहिलेलं नाही. त्यांच्या वडिलांनी बोट करून जागा दाखवली होती, तशीच त्यांनी नातवाला दाखवली. मुलाने फोटो काढला. त्यात भेगाळलेला गाळ आहे, दूरवर पाणी आहे, आणि एका कोपऱ्यातून आत आलेलं आजोबांचं बोट.