जमा-नावे आणि पेबचा डोंगर

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

नेरळ आणि माथेरानच्या मधे उभा असलेला पेब ऊर्फ विकटगड म्हणजे आम्हा कर्जतकरांच्या रोजच्या नजरेतला डोंगर. माथ्यावर दत्तगुरूंच्या पादुका आहेत, म्हणून मला तो जास्त जवळचा. पाऊस ओसरला, भाताच्या लोंब्या वाकू लागल्या, की आश्विनात एकदा तिकडे जायचं, हा माझा निवृत्तीनंतरचा नेम.

तीन वर्षांपूर्वी बँकेतला एक जुना सहकारी सोबत होता. गुहेच्या अलीकडेच त्याचा दम संपला. “तू जाऊन ये, मी बसतो इथे,” म्हणाला. मी गेलो. पादुकांवर डोकं ठेवलं, मन भरून आलं. खाली येतो तो हा जागेवर नाही. बसून कंटाळला आणि एकटाच उतरायला लागला. शेवाळलेल्या कातळावर पाय घसरला, मनगट मोडलं. आजही त्या हाताची मूठ पुरती वळत नाही. मला मात्र तो कधी एका शब्दाने बोलला नाही.

छत्तीस वर्षं बँकेत हिशेब लिहिले. एका खाती जमा पडलं की दुसऱ्या कुठल्या तरी खाती नावे पडतंच. त्या दिवशी दर्शन माझ्या खाती जमा झालं. नावे कोणाच्या पडलं? कोणी म्हणेल, देवाचा नेम मोडू नये, शिवाय त्यानेच जा म्हटलं होतं. पण दमलेला माणूस भिडेपोटी जा म्हणतो, हे कळायला काही पोथी वाचावी लागत नाही. मला ते कळलं होतं. तरी मी गेलो.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पहिली पृथ्वी, आणि तिच्यावरच्या डोंगराकडून, झाडाकडून परोपकार शिकावा, असं तो म्हणतो. पण मग मनात येतं, खालापुरातला इरशाळगडही डोंगरच ना? १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. तिथल्या माणसांना डोंगराचा परोपकार कोणत्या तोंडाने सांगायचा?

सांगूच नये. त्या चोवीसांत दिव्यावर झेप घेणारा पतंग आहे, गळाला लागलेला मासाही आहे. त्यांनी कुठे उपदेश केला? अवधूताने पाहिलं आणि आपलं आपण घेतलं. डोंगर भला की बुरा हा प्रश्न नाही. त्याच्याकडे पाहून मी काय उचललं, हा आहे.

यंदा पुन्हा त्यालाच घेऊन गेलो. टेरडा सरत आला होता, सोनकी ऐन बहरात होती. त्याच ठिकाणी तो बसला आणि म्हणाला, “तू जाऊन ये.” मी म्हटलं, “नाही, आता तुला सोडून जायचं नाही.” मला वाटलं, चूक फिटली. पण तो चिडलाच. “माझ्यापायी तुझं दर्शन चुकलं, हे ओझं घेऊन मी घरी जाऊ का?”

मी गप्प झालो. म्हणजे माझा त्यागही मी त्याच्याच नावे टाकत होतो! डोंगरावरचं पाणी खाली भाताला मिळतं, पण डोंगर शेताला कधी आठवण करून देत नाही. मी दिलं ते बोलून दाखवलं, तिथेच देणं बिघडलं.

थोड्या वेळाने म्हटलं, “अरे, माझेही गुडघे बोलतायत. भाकरी सोड.” हे अर्धं खरं होतं. तो हसला. भाकरी खाल्ली, बसल्या जागेवरूनच माथ्याकडे हात जोडले आणि सावकाश, एकमेकांना धरून उतरलो.

पादुकांचं दर्शन यंदा झालं नाही. नेम मोडला की पाळला, ते मला ठरवता येत नाही. आणि खरं सांगायचं तर हा हिशेब आता जुळवावासाही वाटत नाही.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥