वाफसा

कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यातल्या एका गावात दोन जावा एकाच घरात नांदत होत्या. थोरलीच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या दिसू लागल्या होत्या. धाकटीच्या गालांवर गरोदरपणात उठलेला वांग अजून पुरता गेला नव्हता. नणंदेचं लग्न सहा आठवड्यांवर आलं, तेव्हा दोघींनी निम्मे-निम्मे पैसे घालून चेहऱ्यावर बांधायचा दिव्यांचा मास्क मागवला. आतल्या बाजूला बारीक एलईडी, ६३३ नॅनोमीटरचा लाल उजेड, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा ८३० नॅनोमीटरचा अवरक्त आणि मुरुमांसाठी निळ्या उजेडाचं वेगळं बटण.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं : धुतलेल्या, कोरड्या चेहऱ्यावर दहा मिनिटं, आठवड्यातून तीन ते पाच वेळा. डोळ्यांवर संरक्षक पट्टी. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. वांग असेल किंवा उजेडाने त्रास वाढवणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

थोरलीने सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरवून टाकले. रात्री भांडी आवरली की तोंड धुवायचं, टिपायचं, मोबाइलवर गजर लावून पडायचं. गजर वाजला की मास्क बाजूला आणि चेहऱ्याला साधं मॉइश्चरायझर. सकाळी रानात डबा न्यायला निघताना सनस्क्रीन आणि डोक्यावर पदर.

धाकटीने वेगळाच हिशेब मांडला. “अक्का, दहा मिनिटांना बारा आठवडे लागतात, तर चाळीस मिनिटांना तीन आठवडे पुरतील की!”

“पुस्तिकेत असं कुठं लिहिलंय?”

“पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरात लग्न नसणार.”

ती सकाळ-संध्याकाळ मास्क लावून बसू लागली. पुढे वाटलं, निळ्या उजेडाचेही पैसे भरलेत, तो वाया का घालवा? मग लाल झाला की निळा. आणि एवढं मशीन घरात असताना सनस्क्रीन कशाला चोपडायचं, म्हणून तेही सुटलं. दुसऱ्या आठवड्यात गाल तापल्यासारखे, ताणल्यासारखे वाटू लागले. तिने त्याचा अर्थ लावला, की गुण येतोय. तिसऱ्या आठवड्यात वांगाचा डाग गडद होऊन नाकाकडे सरकला.

थोरली तिला घेऊन मिरजेला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लाल उजेड कातडी जाळत नाही की सोलत नाही. पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये एक एन्झाइम असतं, ते हा उजेड शोषून घेतं. पेशीला थोडी जादा ऊर्जा मिळते आणि मग कोलाजेन घडवायचं काम ती आपल्या चालीने करते. ठरावीक मात्रेपर्यंत फायदा वाढतो. त्यापुढे तो घटतो, कधी उलटतोसुद्धा.”

“आणि निळा?”

“तो मुरुमांच्या जंतूंवर चालतो, पण आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंगही गडद करू शकतो. वांगावर तो सोडायचाच नाही. त्यात मास्कची ऊब आणि वरून उघड्या चेहऱ्यावर ऊन. डाग वाढायला आणखी काय हवं?” मग त्या जरा हसल्या. “या उपचाराची सुरुवातच मंद उजेडापासून झालीय. १९६७च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांवर कमी ताकदीचा लेझर सोडून पाहिला, तर भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. जोरकस लेझर मांस कापतो. इथे गुण आला तो मंद उजेडाने.”

मास्क बंद करायला सांगून बाईंनी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगछटेचं सनस्क्रीन लिहून दिलं. ते अतिनील किरणांबरोबरच डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं.

घरी आल्यावर धाकटी सासऱ्यांपुढे रडकुंडीला आली. “आबा, चांगल्याच वस्तूनं वाटोळं कसं होतं?”

आबांनी पायात वहाणा सरकवल्या. “चल, रानात जाऊन येऊ.”

नदीकडच्या तुकड्यावर मीठ फुटलं होतं. कडेला थोडं हिरवं, मधे नुसती पांढरी खपली. आबांनी एक ढेकूळ उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. ते दाबताच फुटलं आणि बोटांना पांढरी भुकटी लागली.

“हितं ऊस माणसाच्या डोक्यावरनं जायचा,” आबा म्हणाले. “नदीवर मोटर बसली. आमी म्हटलं, ऊस पाण्यावर पोसतोय, तर सोडा पाणी. रात्रंदिवस पाट चालू. पयल्या सालांत ऊस वाढला बी, म्हणून आणखी सोडलं. खाली पाणी तुंबलं, मुळं गुदमरली, पोटातलं मीठ वर आलं. आता जमिनीखाली भोकाच्या पाइपा घालून निचरा केलाय, तवा कुठं ह्या कडंला हिरवं दिसायलंय.”

“मग पाणी द्यायचंच नव्हतं का?”

“पाण्याबिगर ऊस हुईल व्हय? पर एक पाणी दिलं, की रान वाफशाला यायची वाट बघायची. माती वली पायजे आन् मुळाला वारा बी मिळाला पायजे. वाफशाआधी दुसरं पाणी दिलं, की पयलं बी वाया.”

लग्नात धाकटी वांगासकट मिरवली. सनस्क्रीन आणि डॉक्टरांच्या मलमाने डाग फिका व्हायला पुढे कित्येक महिने लागले. थोरलीच्या चेहऱ्यातही लग्नापर्यंत काही फरक नव्हता. बारा आठवडे उलटल्यावर मात्र डोळ्यांच्या कडा किंचित मऊ दिसू लागल्या. सुरकुत्या गेल्या नव्हत्या, जराशा नरमल्या होत्या. तेवढ्यानेही तिला हुरूप आला.

एका शुक्रवारी गजर वाजला आणि थोरलीने मास्क न काढताच हात लांबवून तो बंद केला. “गुण येतोय गं. आणखी दहा मिनिटं पडते.”

धाकटीने पुढे होऊन मास्कचा पट्टा सोडला. “गुण येतोय म्हणूनच उठा, अक्का. रान वाफशाला येऊ दे.”

तात्पर्य : उपाय लागू पडतोय असं दिसलं की मात्रा वाढवायचा मोह होतो. दिलेलं पचवायला लागणारी उसंतही मात्रेतच मोजावी.