आधी कुत्री, मग कुत्रा

कुत्री किंवा मांजर यांचे निर्बीजीकरण म्हणजे पोट उघडून दोन्ही बीजांडकोश, आणि बहुधा त्यांच्याबरोबर गर्भाशयही, काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. गोऱ्ह्याचे खच्चीकरण मराठवाड्यातील बहुतेक शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. चिमट्याने कातडीवरूनच शिरा चेचतात, रक्त येत नाही आणि जनावर थोड्या वेळात उठून चालू लागते. मादीच्या बाबतीत तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही. तिचे बीजांडकोश मूत्रपिंडांलगत, पाठीच्या कण्याजवळ बंधाने घट्ट धरलेले असतात. ते सैल करून वर घ्यावे लागतात, त्यांच्याकडे जाणारी रक्तवाहिनी बांधावी लागते आणि मगच कापावे लागते. गाठ सुटली तर पोटात रक्त साचून जनावर दगावते. म्हणून या कामाला पूर्ण भूल, निर्जंतुक साहित्य, सराव असलेला हात आणि नंतर तीन-चार दिवस कोरड्या जागेत देखरेख लागते. नराची शस्त्रक्रिया पुष्कळ सोपी आणि स्वस्त असते. शस्त्रक्रियांचा आकडा दाखवायचा असला की मोहिमा नरांकडे झुकतात, त्याचे एक कारण हे.

पण संख्या नराच्या शस्त्रक्रियेने आवरत नाही. गावात दहा नर असोत की एक, माजावर आलेली कुत्री गाभण राहतेच. नऊ नर निर्बीज केले तरी उरलेला एक पुरतो. उलट एक कुत्री निर्बीज झाली की तिची पुढची सगळी वेत टळतात. जयपूरमध्ये एका प्राणीसेवी संस्थेने 1994 ते 2002 या काळात सुमारे 25 हजार कुत्रे पकडून निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण केले. ज्या भागात काम झाले तेथील सुमारे 65 टक्के माद्या निर्बीज झाल्या, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि माणसांमधील रेबीजचे रुग्ण त्या भागात दिसेनासे झाले. भारतातील शहरांना हा धडा उपलब्ध होऊन दोन दशके उलटली. खेड्यांपर्यंत तो अजून नीट पोहोचलेला नाही.

चुडावा हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे गाव. अशा गावात पाळीव कुत्रा आणि भटका कुत्रा ही शहरी विभागणी फारशी लागू पडत नाही. एकाच कुत्र्याला सकाळी एका घरची भाकरी मिळते, दुपारी तो दुसऱ्याच्या ओट्यावर पडलेला असतो आणि रात्री तिसऱ्याच्या आखाड्यावर राखण करतो. त्याला मालक नसला तरी माणसे असतात. मादीच्या वाट्याला हे कमी येते. राखणीसाठी नर पिल्लू उचलले जाते. मादी पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या शिवारात नेऊन सोडण्याची रीत खेडोपाडी आहे. दारात कुत्री ठेवली तर माजाच्या दिवसांत नरांची झुंड जमते, भांडणे होतात आणि दोन महिन्यांनी पिल्लांची निस्तरानिस्तर आली. त्या घराला कुत्री नको असते असे नाही, तिची वेत नको असतात. निर्बीज केलेली कुत्री राखणीत नराहून कमी नसते, उलट ती गाव सोडून भटकतही नाही.

जन्मणाऱ्या पिल्लांचे पुढे काय होते, याचे एक उत्तर कोलकात्याजवळच्या निरीक्षणातून मिळाले आहे. तेथे नोंदवलेल्या 364 पिल्लांपैकी प्रजननक्षम वयापर्यंत 19 टक्केच पोहोचली, आणि मृत्यूंतील मोठा वाटा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणसांमुळे झालेला होता. निर्बीजीकरणाला निसर्गातील ढवळाढवळ म्हणणाऱ्यांनी हा आकडा विचारात घ्यावा.

शस्त्रक्रियेची वेळही गावाच्या पंचांगाने ठरवता येते. कुत्र्यांचा भाद्रपद मराठीत बदनाम आहे, आणि तो निरीक्षणाशी जुळतो: आपल्याकडील गावठी कुत्र्यांचे मीलन मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीस होते, गर्भ सुमारे 63 दिवस राहतो आणि पिल्ले थंडीत जन्मतात. माघ-फाल्गुनापर्यंत ती अंगावरून सुटलेली असतात, बहुतेक कुत्र्या गाभण नसतात आणि परभणीचा चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा अजून सुरू झालेला नसतो. भुलीतील जनावराला शरीराचे तापमान सांभाळता येत नाही, तेव्हा हीच सोयीची खिडकी. आर्थिक वर्षाच्या अखेरीस निधी खर्चण्याची घाई याच महिन्यांत असते, हा योगायोग एकदा तरी कामी यावा.

मांजरीचे गणित वेगळे आहे. दिवस मोठे होऊ लागले की ती माजावर येते, बोका न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येते, आणि मीलन झाल्यावरच तिचे बीज सुटते; त्यामुळे संयोग क्वचितच वाया जातो. वर्षातून दोन-तीन वेत सहज होतात.

आरोग्याच्या दृष्टीने नफा-तोटा दोन्ही आहेत. वयस्क, न व्यालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार शस्त्रक्रियेने टळतो. पहिल्या माजापूर्वी ती केल्यास स्तनाच्या गाठींचा धोका नगण्य राहतो, असे 1969 च्या एका अमेरिकी अभ्यासापासून सांगितले जाते, मात्र नंतरच्या पडताळणीत तो पुरावा वाटतो तितका भक्कम आढळलेला नाही. दुसऱ्या बाजूला वजन वाढणे, काहींना लघवी न आवरणे आणि मोठ्या जातींत सांध्यांचे विकार हे तोटे आहेत. फ्लॅटमधील गोल्डन रिट्रीव्हरच्या मालकाने पशुवैद्याशी त्यांचा विचार जरूर करावा. भाकरीच्या तुकड्यावर दिवसभर शिवार तुडवणाऱ्या गावठी कुत्रीबाबत त्यांचे वजन फार नाही.

अडचण ज्ञानाची नसून अंतराची आहे. परभणीत 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालते, आणि शस्त्रक्रिया शिकणारे विद्यार्थी तेथे दरवर्षी असतात. पण खेड्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना गाई-म्हशींसाठी, म्हणजे कृत्रिम रेतन आणि लसीकरणासाठी झालेली आहे. जेथे पशुवैद्याऐवजी पशुधन पर्यवेक्षकच असतो, तेथे त्याने पोट उघडण्याचा प्रश्न येत नाही. चुडाव्याने स्वतःचे केंद्र उभारावे ही अपेक्षा वेडगळ ठरेल. पूर्णा तालुक्यातील शेजारशेजारच्या गावांचा एक गट करून, माघात महाविद्यालयाच्या मदतीने शिबिर घेऊन, एका हंगामात त्या गटातील बहुतेक माद्या निर्बीज करणे मात्र शक्य कोटीतील आहे. विखुरलेल्या वीस गावांत दोन-दोन शस्त्रक्रिया केल्याने काहीच साधत नाही. त्याच वेळी नर-मादी सगळ्यांना रेबीजची लस द्यावी लागते, कारण निर्बीजीकरणाने रेबीज थांबत नाही. साखळी तुटण्यासाठी सुमारे 70 टक्के कुत्रे लस घेतलेले असावे लागतात.

कायद्याने ही जबाबदारी केवळ महापालिकांची ठेवलेली नाही. 2001 च्या नियमांच्या जागी आलेल्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ग्रामपंचायतीही तिच्या कक्षेत येतात. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके येथून पकडलेले कुत्रे निर्बीजीकरणानंतर त्याच जागी न सोडता निवारागृहात ठेवण्यास सांगितले, तर इतर वस्तीतील कुत्र्यांबाबत त्याच न्यायालयाचा ऑगस्ट 2025 चा आदेश, म्हणजे आक्रमक व रेबीजग्रस्त वगळता निर्बीजीकरणानंतर मूळ जागी परत सोडणे, तेव्हा लागू राहिला. चुडाव्यात फलाट आणि गाव यांच्यात कुत्र्यांसाठी कोणतीही सीमा नाही. फलाटावरची कुत्री नेल्यावर खरकट्याच्या ओढीने गावातील दुसरी येणार. ती निर्बीज असेल की पोटात पिल्ले घेऊन येईल, हे गावातील माद्यांचे काम आधी झाले होते की नाही यावर ठरेल.