वाचलेला शब्द आणि पाळलेला शब्द

आपल्याकडे घरोघर ग्रंथांची पारायणे होतात. पोथी सोवळ्यात निघते, तिला हळदकुंकू वाहिले जाते, अध्याय संपला की प्रसाद वाटला जातो. यात गैर काहीच नाही. परंतु पुष्कळदा माझ्या मनात येते, की ज्या ग्रंथाची आपण एवढी पूजा करतो, त्याला आपल्याला काही सांगायचे असेल तर तेवढी सवड आपण त्याला देतो काय? की पूजा ही त्याला गप्प बसविण्याचीच एक सभ्य रीत आहे?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो सोळाव्या शतकातील एका परधर्मी धर्मोपदेशकाने. त्याचे नाव मेनो सायमन्स. मेनोनाइट पंथ त्याच्याच नावाने ओळखला जातो. हा पंथ आपल्याला अगदीच परका नाही. दुष्काळाच्या दिवसांत, १८९९ साली, त्याचे अमेरिकन मिशनरी जुन्या मध्यप्रांतातील धमतरीला येऊन राहिले होते.

मेनो १५२४ साली नेदरलंडच्या फ्रिसलंड प्रांतात कॅथलिक पाद्री झाला. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, की तोवर त्याने बायबल वाचले नव्हते. वाचले तर आपली दिशाभूल होईल, असे त्याला भय वाटे! उपासनेचे विधी आटोपले, की दिवस पत्ते खेळण्यात आणि पिण्यात जात. पण भाकरी आणि द्राक्षरस हाती घेऊन मंत्र म्हणताना एक शंका त्याला छळू लागली. हे खरोखरच ख्रिस्ताचे रक्तमांस होते काय? ही सैतानाची करणी असे समजून त्याने ती दडपून पाहिली. ती दडपेना, तेव्हा त्याने ग्रंथ उघडला. आणि आजवर आपण भ्रमात होतो असे त्याला कळून चुकले.

पुढे १५३१ साली लेऊवार्डेन गावी एका साध्या शिंप्याचा शिरच्छेद झाला. जाणतेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, हा त्याचा अपराध. मेनोने पुन्हा ग्रंथ धुंडाळला. तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्याला त्याला त्यात आधार सापडला नाही. तरीही तो पाद्रीच राहिला. चांगला प्रवचनकार म्हणून त्याची कीर्ती वाढत होती. १५३५ साली हाती शस्त्र घेऊन एका मठात शिरलेले शेकडो लोक मारले गेले. शस्त्राचा मार्ग मेनोला मुळीच मान्य नव्हता. पण ही चुकलेली माणसे निदान आपल्या श्रद्धेसाठी मेली, आणि आपण मात्र सत्य जाणूनही सुखात लोळत आहो, हा विचार त्याला सोसवेना. १५३६ च्या जानेवारीत त्याने पद सोडले. पुढचे आयुष्य परागंदा होऊन काढले. १५४२ साली त्याच्या डोक्यावर शंभर गिल्डरांचे इनामही लागले.

सत्य कळले, आणि तरी वर्षामागून वर्षे गेली! माझे मन तेथेच अडखळते. डोळ्यांनी वाचलेले पायांपर्यंत यायला एवढा वेळ का लागतो?

याच पंथाच्या हुतात्म्यांची चरित्रे १६६० साली एका मोठ्या ग्रंथात संकलित झाली. त्यात डिर्क विलेम्सची हकीकत आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि घरात गुप्त सभा भरविल्या, म्हणून तो आस्पेरेन गावी पकडला गेला. तो निसटला, आणि पातळ बर्फावरून पलीकडे पोहोचलाही. पाठलाग करणाऱ्या शिपायाच्या पायाखालचा बर्फ मात्र फुटला. डिर्क मागे वळला आणि त्याने शिपायाला बाहेर ओढून काढले. शिपायाची इच्छा त्याला सोडून देण्याची होती. पण काठावरून नगराधिकाऱ्याने त्याला त्याच्या शपथेची आठवण दिली. डिर्क धरला गेला आणि १६ मे १५६९ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले.

कोणी म्हणेल, हा शुद्ध अविचार! जगला असता तर त्याने अनेकांचे भले केले असते. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. परंतु शत्रूवर प्रेम करावे असे आयुष्यभर म्हणत आलेल्या माणसासमोर शत्रू बुडत असेल, तर तो ग्रंथ खरा की खोटा, हे त्याच घटकेला ठरते. हिशेब पुढे ढकलला, की मेनोची ती वर्षे सुरू होतात.

आणि मला अधिक छळतो तो शिपाई. तो दुष्ट नव्हता. त्याचे हृदय जागे झाले होते. पण त्याचा शब्द दुसऱ्याच्या हाती गहाण पडला होता. मेनोनाइट लोक शपथ घेत नाहीत, यातले मर्म मला येथे उमगते. शपथेवर बोललेले तेवढेच खरे मानले, तर एरवीच्या बोलण्याची किंमत आपण आपणच उतरवून ठेवतो. ज्याचा ‘हो’ हा नेहमीच ‘हो’ असतो, त्याला शपथ कशाला? आणि ज्याने शपथ घातली, त्याला त्याने आपली सदसद्विवेकबुद्धी तरी का सोपवावी?

वाचकहो, आपल्यातील फारच थोडे डिर्क होतील. पण तो शिपाई आपण रोज होतो. ‘माझा नाइलाज आहे, वरून हुकूम आहे’ हे वाक्य कचेरीत, शाळेत, घरातही आपण किती सहज उच्चारतो! ते ओठांवर येईल, तेव्हा आपल्याला कोणी पाण्यातून वर काढले होते, एवढे जरी आठवले, तरी पारायण वाया गेले नाही असे मी म्हणेन.