तेलाचे माप आणि जाळ्याची किंमत

आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघीकडे पाहिले की राजपुरी खाडीत मालवाहू जहाजे आणि मच्छीमारांच्या होड्या एकाच दृष्टिक्षेपात येतात. जंजिऱ्याच्या सिद्दींनी या पाण्यावर कैक पिढ्या अंमल गाजवला; परंतु पाण्याखालच्या प्राण्याविषयीही राज्याचे काही कर्तव्य असते, ही कल्पना त्या काळच्या कोणत्याही दरबाराला सुचली नसती. देवमाशाच्या बाबतीत ती जगालाही फार उशिरा सुचली, आणि सुचली तीही दयेतून नव्हे, तर हिशेबातून.

१९४६ साली देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा अंटार्क्टिक समुद्रातील शिकारीची मर्यादा तेलाच्या मापाने ठरली : एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच कुबडे किंवा सहा सेई देवमासे. कोणती जात किती उरली आहे, हा प्रश्न या कोष्टकात मावतच नव्हता. उलट, एकाच शिकारीत अधिक तेल देणाऱ्या निळ्याच्याच मागे जहाजे आधी लागावीत, अशीच जणू त्याची रचना होती. हे माप मोडीत निघायला १९७२ साल उजाडले. आपला वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. पुढे १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य ठरला आणि १९८६ पासून व्यापारी शिकारीवर बंदी आली.

कागदावरचे नियम समुद्रात कितपत चालतात, हे अरबी समुद्राला या बंदीच्या आधीच कळले होते. १९६६ साली सोव्हिएत जहाजांच्या ताफ्यांनी येथे २४२ कुबडे देवमासे मारले आणि ती नोंद दप्तरात दडवून ठेवली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर ती उघड झाली. तोवर कुबडा देवमासा म्हणजे थंड समुद्रातून उष्ण समुद्रात ये-जा करणारा प्रवासी, असाच सर्वसाधारण समज होता. अरबी समुद्रातले कुबडे मात्र वर्षभर येथेच राहतात, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानजवळ खोल पाणी वर येते आणि त्यांचे अन्न येथेच पिकते. इतर कुबड्यांपासून ते सुमारे ७०,००० वर्षे अलग राहिले आहेत, असे आनुवंशिक अभ्यास सांगतो. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. अशा वेळी ‘जात’ हे मापही अपुरे ठरते, आणि मग प्रत्येक प्राणी शेपटीवरच्या खुणांनी ओळखावा लागतो. ‘लुबान’ नावाच्या मादीला ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावले होते. २०१७ च्या अखेरीस ती समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आली, तेव्हा हे रहिवासी आपल्याही हद्दीतले आहेत, हे नकाशावर दिसले.

किनाऱ्याला मात्र देवमासा बहुधा मेल्यावर किंवा मरताना भेटतो. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला सुमारे बेचाळीस फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला. गावकऱ्यांनी धडपड केली, तरी तो वाचला नाही. देवमाशाला बसणाऱ्या जहाजाच्या धडकेची गोष्ट याहून अवघड, कारण प्रचंड मालवाहू जहाजाच्या कप्तानाला ती पुष्कळदा जाणवतही नाही.

जाळ्यात अडकण्याचे तसे नाही. तेथे तांडेलाला जनावर समोर दिसते. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापल्यास मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये काढली. रक्कम तुटपुंजी आहे, आणि सरकारी कचेरीतल्या खेपा निराळ्याच! तरीही मला ही योजना मोठमोठ्या करारांइतकीच महत्त्वाची वाटते. १९४६ च्या कोष्टकात तेल विकणाऱ्याचा हिशेब होता, येथे ज्याच्या हाती सुरी आहे त्याचा विचार झाला आहे.