न मोजता वाढायचा पदार्थ

नोव्हेंबर सरत आला की हेलसिंकीत दुपारी साडेतीनच्या आतच सूर्य मावळतो. बर्फ अजून नीट धरलेलं नसतं, झाडं ओकीबोकी, रस्ते ओले आणि काळे. याच दिवसांत फिनलंडमधल्या घराघरांत ओव्हनमध्ये जातो तो कालिलातिक्को. कोबी, बीफचा खिमा आणि मूठभर तांदूळ, एका खोलगट भांड्यात एकत्र भाजलेले. सणासुदीच्या ताटात त्याला मानाचं स्थान नाही आणि पाहुण्यांसमोर मिरवायला तो कुणी करत नाही. थकून घरी आलेल्या माणसांसाठी तो असतो, आणि म्हणूनच मला तो फार मोलाचा वाटतो.

एक किलोचा गड्डा बारीक चिरला की पातेल्यात मावेनासा होतो. पण कोबीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणीच. लोण्यावर मंद आचेवर तो परतत राहायचं. आधी पानं चकाकतात, मग माना टाकतात, आणि काठाच्या वर आलेला ढीग पाहता पाहता निम्म्याच्या खाली बसतो. इथे घाई करू नये. कोबी नुसता पाण्यात खदखदत ठेवला तर त्यातल्या गंधकाचा उग्र वास घरभर होतो. परतताना मात्र पाणी उडून जातं, अंगचा गोडवा आटून घट्ट होतो, कडा तांबूस पडतात. त्यात दोन चमचे काळसर सिरप, साधारण आपल्या काकवीच्या जातीचा. दुसरीकडे कांद्यावर चारशे ग्रॅम खिमा, सुटलेलं पाणी आटेपर्यंत. मग अर्धवट शिजलेला तांदूळ, मीठ, पांढरी मिरी आणि मरवा. आपल्याकडे वेणीत आणि गजऱ्यात माळतात तोच मरवा. तिथे तो वाळवलेला असतो, आणि भांड्यावर हात धरून तळव्यांत चुरडून टाकतात. सगळं कालवून वर मटणाच्या रश्श्यासारखं मांसाचं पाणी ओतायचं आणि 175 ते 200 अंशांवर तास-सव्वातास ठेवून द्यायचं. त्या तासात करण्यासारखं काही उरत नाही. दिवसभर सगळ्यांच्या मागे धावणाऱ्या माणसाला मिळालेला हा हक्काचा तास.

याच सामानाचा एक देखणा प्रकारही तिथे होतो. कोबीची अख्खी पानं वाफवून त्यांत खिमा भरतात आणि एकेक गुंडाळी दोऱ्याने बांधतात. चवीला उत्तमच. पण गुंडाळ्या मोजाव्या लागतात. माणशी दोन, फार तर तीन. ऐन वेळी कुणी वाढलं की करणाऱ्याची नजर भांड्याकडे जाते. कालिलातिक्कोत मोजायला काही नसतंच. मोठा चमचा खुपसायचा आणि ताटात घालायचं. चौघांचं पाचांना सहज पुरतं, आणि पाचव्याला आपण आगंतुक आहोत असं वाटत नाही. अन्नाने जो धीर येतो, त्यातला बराचसा या न मोजण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. पोट मोजून दिलेल्यानेही भरतं. मन भरायला मात्र वाढणाऱ्याचा हात मोकळा लागतो.

हा मोकळा हात फिनलंडने एका कठीण काळात दाखवला. 1943 साली, सोव्हिएत संघाशी युद्ध चालू असताना, तिथे कायदा झाला की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी एक जेवण मोफत मिळेल. गावांना तयारीला पाच वर्षं दिली, आणि 1948 पासून ते देशभर सुरू झालं. तोवर युद्ध हरलेलं होतं, युद्धभरपाईचं ओझं डोक्यावर होतं, आणि ते फिटायला 1952 साल उजाडलं. तिजोरीत खडखडाट असताना या देशाने पंगतीत भेद केला नाही. गरिबाच्या मुलाला वेगळी रांग नव्हती, सधनाच्या मुलाला वेगळं ताट नव्हतं. सुरुवातीला मिळे ते पेज, खीर, सूप असं साधंच. पुढे भाजलेले पदार्थही शाळेच्या भोजनगृहात आले आणि त्यांत कालिलातिक्कोही आला. गरज सिद्ध करायला न लावता मुलाला जेवू घालणं, याहून मोठं काम एखाद्या सरकारच्या हातून क्वचितच होत असेल.

त्या कायद्यात आणखी एक गोष्ट होती. मुलांनी शाळेच्या स्वयंपाकघरासाठी बेताचं काम करावं: भाजी पिकवावी, रानातून बेरी गोळा करून आणावी. लिंगनबेरी सप्टेंबरात पिकते. लालभडक, मटारापेक्षा लहान, चवीला आंबट आणि किंचित कडसर. रान कुणाच्याही मालकीचं असो, बेरी तोडायची मुभा तिथे सगळ्यांना आहे. या फळात बेंझोइक आम्ल मुळातच असतं, त्यामुळे ते साखरेवाचूनही टिकतं, आणि साखर महाग होती तेव्हा हा गुण फार कामी आला. कालिलातिक्कोशेजारी ही ठेचलेली लिंगनबेरी हवीच. कोबीचा गोडवा आणि खिम्याची स्निग्धता यांना तो आंबटपणा सावरून धरतो. तिच्यावाचून ताट मला अपुरं वाटतं.

भांडं बाहेर काढल्यावर आधी कडेचा भाग घ्यावा. तिथे कोबी भांड्याला लागून करपायच्या बेतात आलेला असतो, सिरप चिकट झालेला असतो, आणि मुलं त्यासाठी भांडतात. सगळं एका बैठकीत संपवायची गरज नाही. उरलेलं रात्रभर गार राहिलं की घट्ट धरतं, सुरीने वड्यांसारखं कापता येतं. दुसऱ्या दिवशी तव्यावर थोडं लोणी टाकून दोन्ही बाजूंनी खरपूस परतलं, की मला ते पहिल्या दिवसापेक्षाही जास्त आवडतं.