वीणेचे तुकडे करणारा राजा

औरंगाबादच्या नागसेनवनात शिकलेल्या माणसाला रथाचा दृष्टांत चुकवता येत नाही. बाबासाहेबांनी १९५० साली तिथे कॉलेज सुरू केलं. पुढे कॉलेजला मिलिंदचं नाव मिळालं आणि परिसराला नागसेनाचं. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघेही आमच्या पत्त्यातच होते. ‘मी’ म्हणजे नक्की कोण, यावर भिक्खूचं उत्तर रथाचं: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. हे सगळं जुळून आलं की व्यवहारात त्याला रथ म्हणायचं. कॉलेजच्या वयात हे उत्तर मला इतकं पटलं की प्रश्नच मिटल्यासारखा वाटला. तो पुन्हा उकरून काढला एका पोकळ इलेक्ट्रिक गिटारीने.

गिटार आयबानेझची, आर्टकोर मालिकेतली, पुण्याच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतलेली. ही मालिका २००२ साली आली. जॅझवाल्यांच्या महागड्या गिटारींचा घाट पगारदार माणसाच्या आवाक्यात आणणारी. पोट आतून रिकामं, वर व्हायोलिनसारख्या दोन फटी, आणि लाकूड अखंड नव्हे, पातळ थर एकावर एक चिकटवलेलं. ‘म्हणजे प्लायवूडच की!’ असं नाक मुरडणारे भेटतात. त्यांना सांगावं, गिब्सनने १९४९ साली आणलेली ईएस-१७५ सुद्धा थरांच्याच मेपलची होती, आणि जो पास, जिम हॉल तीच वाजवत. पोकळ गिटार स्पीकरसमोर घुमायला लागते, ते थरांच्या लाकडात जरा कमी होतं, हा फायदा वेगळाच.

या गिटारीचा ब्रिज स्क्रूने आवळलेला नसतो. लाकडी बैठकीसकट तो पोटावर नुसता उभा, तारांच्या दाबावर. सेटअपला बसलं की आधी मान बघायची: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी अगदी बारीक फट दिसली पाहिजे, जास्त असेल तर मानेतला ट्रस रॉड थोडा आवळायचा. मग ब्रिज. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच दाबून निघणारा सूर, दोन्ही ट्यूनरवर एक यायला हवेत. दाबलेला चढा आला तर ब्रिज शेपटाकडे सरकवायचा, उतरला तर मानेकडे. केसभर हलवला की जाड तार जुळते आणि पातळ बिघडते. तिच्यासाठी मग वरचे छोटे स्क्रू. तासाभराच्या या कुटाण्यानंतर काल कानाला टोचणारी कॉर्ड आज बसते. लाकूड तेच, तारा त्याच. नागसेनाच्या यादीत एकाही वस्तूची भर पडलेली नाही, फक्त त्यांच्यातलं अंतर बदललंय.

भाच्याला हे पुरेसं वाटत नाही. ‘मामा, सेटअप ठीक आहे, पण खरा टोन पिकअपमध्ये असतो. ते बदला, मग बघा.’ पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वाजणारी पोलादी तार कशी हलतेय, एवढंच त्याला कळतं. पोकळ पोटाने त्या हलण्यात जी ढवळाढवळ केली असेल तीही तारेमार्फतच. भाच्याच्या मित्रमंडळात पिकअप बदलले गेले, मग कपॅसिटर, मग नट, शेवटी गिटारच.

संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथात असा एक राजा आहे. त्याने वीणा कधी ऐकलेली नसते. सूर कानावर पडताच तो वेडावतो आणि वीणा मागवतो. वीणा समोर येते तेव्हा म्हणतो, ही नको, मला तो आवाज आणून द्या. लोक समजावतात, पण तो वीणेच्या चिरफाळ्या करतो, जाळतो, राख वाऱ्यावर उधळतो. आवाज सापडत नाही, तेव्हा वीणाच भिकार ठरवून मोकळा होतो. रूप-वेदनांपासून विज्ञानापर्यंत, म्हणजे शरीरापासून जाणिवेपर्यंत, शोधलं तरी ‘मी’ आणि ‘माझं’ हाती लागत नाही, हे दाखवण्यासाठी बुद्धांनी सांगितलेली ही गोष्ट.

दुसऱ्या टोकाला जाणते वादक आहेत. ते म्हणतात, टोन बोटांत असतो. ऐकायला फार शहाणं वाटतं, पण माझ्या मते हाही तोच राजा. लाकडातून हुसकलेला आत्मा त्याने बोटांत दडवला, इतकंच. सुत्तात लोक राजाला आवाजाची कारणं मोजून दाखवतात: पोकळ खोड, चामडं, दांडा, तारा, नखी आणि वाजवणाऱ्याचा योग्य प्रयत्न. प्रयत्न यादीत आहे, पण चामड्याच्याच रांगेत. यादीबाहेर उभा राहून सगळ्यांवर हक्क सांगणारा मालक तो नाही. बौद्ध वाङ्मयात इतकी धीट जागा मला दुसरी माहीत नाही.

मग सगळं सारखंच का? मुळीच नाही. कारणं जुळली की गोष्ट घडते, या प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ ‘काहीही चालतं’ असा घेणाऱ्यांनी नटची खाच जास्त खोल गेलेली गिटार वाजवून पाहावी. मोकळी तार झणझणते, आणि कितीही रियाज केला तरी झणझणतच राहते. आणि सगळं नीट मोजलं तरी शुद्ध गांधार मिळत नाहीच. समान बारा स्वरांच्या या व्यवस्थेत तो सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा, चढा राहतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे खुपतं. एका कॉर्डसाठी तो खाली ओढला की दुसरी बिघडते. तार फार ताणलेली नको, फार सैल नको, असं बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला सांगितलं होतं. त्या दोहोंमधली नेमकी जागा एकच असते असं मी समजत होतो; गिटारीवर ती प्रत्येक कॉर्डमागे नव्याने ठरवावी लागते.

‘माझी गिटार’ म्हणायला माझी हरकत नाही. पैसे मी मोजलेत, व्यवहारापुरतं तेवढं पुरे. तुम्हीही अशी गिटार घेणार असाल तर तारा एकेक करूनच बदला आणि ब्रिजच्या बैठकीभोवती मास्किंग टेपने खूण करून ठेवा. सगळ्या तारा एकदम काढल्यात तर ब्रिज सुटून हातात येईल. पिकअपचं त्यानंतर बघू.